चेटकिणींच्या वहीतल्या माझ्या सात ओळी

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं. बारसं असो, हळद असो नाहीतर दहावं असो, जेवणं उरकून माणसं सतरंजीवर कलंडली की मी सुरू होतो, आणि थोड्याच वेळात निम्मी माणसं झोपतात. झोप माझ्या गोष्टीने लागते की भाताने, याबद्दल बायकोचं आणि माझं एकमत नाही. उरलेली निम्मी जागी राहतात आणि मधेच विचारतात, "मागच्या टायमाला तर तो विहिरीत पडला होता ना?" मी म्हणतो, पडला होता, पण आता नाही पडला. गोष्ट माझी आहे, कुणाला पाडायचं ते मी ठरवीन.

ही सवय वाईट. दुसऱ्याच्या गोष्टीतही आपणच ठरवावं असं वाटायला लागतं. त्या नादात माझ्या मुलीची आणि तिच्या मैत्रिणीची बालवाडीपासूनची मैत्री मी सात ओळींत मोडायला आणली. शाळेत मला निबंधात कधी दहापैकी चारच्या वर मिळाले नाहीत. आयुष्यात माझ्या लिहिण्याचा कुणावर काही परिणाम झाला असेल तर तो एवढाच.

आम्ही कोन गावात राहतो. मुलगी अकरावीत. तिची मैत्रीण दहावीपर्यंत आमच्या मागच्याच गल्लीत होती. दोघी एकाच रिक्षाने शाळेत जायच्या आणि एकीला सर्दी झाली की दुसरी शिंकायची. मैत्रिणीच्या वडिलांची जमीन वळ गावात. तिथे आता गोदामं उभी आहेत, आणि गोदामांच्या मागे त्यांनी बंगला बांधला. दहावी झाल्यावर ते सगळे तिकडे गेले. कॉलेजंही वेगळी झाली. निघायच्या दिवशी दोघी अशा रडल्या, की वाटावं टेम्पो वळला नाही, विलायतेला चाललाय. मी रोज त्याच वळला ड्युटीला जातो. माझ्यासाठी कोणी कधी डोळे ओले केल्याचं आठवत नाही.

वळच्या एका गोदामात मी इनवर्डचा सुपरवायझर आहे. म्हणजे मालाची गाडी आली की चलन बघायचं, खोके मोजायचे, सील तपासायचं. "सील तुटलेलं पार्सल आपण घेत नाही," हे वाक्य मी दिवसातून वीसदा तरी म्हणतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय केलं त्याची लाज वाचणाऱ्याला नीट मोजता येईल.

तर या दोघी कादंबरी लिहीत होत्या. चेटकिणींची. त्यांच्या वयाच्या मुलामुलींनी वाचायची, मोठ्यांनी लांब राहायचं अशी. एक वाऱ्याची चेटकीण, एक पाण्याची. देशाची राणी लोकांच्या सावल्या कापून त्यांचे पडदे शिवायची आणि सावली गेलेली माणसं उन्हात उभी राहून हळूहळू पुसट होत जायची. त्या राणीला हरवायचं तर दोघींनी मिळूनच हरवायचं, कारण एकटीची जादू चालत नसे. नुसता वारा धूळ उडवतो, नुसतं पाणी साचतं आणि त्यात डास होतात. डासांचं मैत्रिणीच्या डोक्यातून आलं. वळला राहणाऱ्या माणसाला ते सुचणारच.

वाऱ्याच्या चेटकिणीचं प्रकरण आमच्या मुलीने लिहायचं, पाण्याच्या चेटकिणीचं मैत्रिणीने. दोनशे पानी एकच वही. आणि एक कडक नियम: वहीतलं वहीत. फोनवर त्या तासन्‌तास बोलत. कुणी काय घातलं, कुठले सर कसे चालतात, कॅन्टीनच्या समोशात काय सापडलं. पण चेटकिणींबद्दल चकार शब्द नाही. असं का लिहिलंस, पुढे काय होणार, काहीही विचारायचं नाही. उत्तर द्यायचं ते पुढच्या प्रकरणात.

आणि ही वही कोनहून वळला आणि वळहून कोनला नेणारा माणूस मी. सकाळी डब्याच्या पिशवीत वही घालायची, गोदामाच्या आधी बंगल्याशी स्कूटर थांबवायची, मैत्रिणीच्या आईच्या हातात द्यायची. तीन-चार दिवसांनी त्या माऊली बोलावून परत द्यायच्या. "दादा, तुमचं पार्सल तयार हाय, च्या घेऊन जा." चहा चांगला असायचा.

खरं तर सुरुवातीला मुलीने माझाच सल्ला विचारला होता. मी हातातला पेपर बाजूला ठेवून सरसावून बसलो आणि चिंचेवरच्या हडळीची गोष्ट लावली. उलटे पाय, मोकळे केस, हिरवं लुगडं, सगळं यथासांग. मुलगी वही-पेन घेऊन ऐकत होती. मग म्हणाली,

"ती चिंचेवर बसून काय करते?"

"बसते."

"नुसती?"

"हडळ आहे ती. तिला काय शिफ्ट आहे का?"

"तिला पाहिजे काय असतं पण?"

याचा मी कधी विचार केला नव्हता. "माणसं धरते," मी म्हणालो.

"कशाला?"

"असंच."

"तिला एखादी मैत्रीण नाही?"

इतकी वर्षं मी हडळ सांगतोय. बाळंतीण मेलेली सांगितली, विहिरीतली सांगितली, पारोळच्या वाटेवर पान-सुपारी मागणारी सांगितली. पण हडळीला मैत्रीण असल्याचं मी ऐकलं नाही, सांगितलं नाही. सगळ्या एकेकट्या. मुलीने पेनाचं टोपण लावलं. "जाऊ द्या पप्पा. तुमच्या गोष्टीत शेवटी तिला पोचवायला तुम्हीच जाता. आम्ही बघतो आमचं."

मी बडतर्फ झालो. माणूस बडतर्फ झाला की चोरी करतो.

पहिल्यांदा वही उघडली ती रांजनोली नाक्यावर. पुढे कंटेनर आडवा झाला होता, अर्धा तास कुणी हलणार नव्हतं. एकच पान बघू म्हटलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा मी सहाव्या पानावर होतो. त्यानंतर वही संध्याकाळी सुटल्यावर द्यायला लागलो आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायला. आधी हात धुवायचे, म्हणजे पानाला तेल लागायला नको. चोरी करायची पण स्वच्छ. आणि खोटं कशाला बोलू, पोरींनी लिहिलं होतं झकास. राणी पडदा ओढते तेव्हा त्यातल्या सावल्या हळूच खोकतात, असं एके ठिकाणी होतं. ते वाचून मी गोदामाच्या खिडकीच्या पडद्याकडे बघून घेतलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझं काही कुणाला कळलं नसतं.

ऑगस्टच्या आसपास मुलीला कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. बऱ्याच कॉलेजांतली पोरं होती. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी ती कॉलेजच्या पायरीवरून घसरली आणि पाय मुरगळून घरी बसली. मैत्रीण भेटायला आली होती, असं मला संध्याकाळी कळलं. मी ड्युटीवर होतो. पाय वर करून बसल्या बसल्या मुलीने पुढचं प्रकरण लिहिलं आणि तेच वहीत मांडलं: वाऱ्याची चेटकीण उंचावरून पडते, अंथरुणाला खिळते, पाण्याची चेटकीण धावत येते. शेवटचं वाक्य होतं, 'पाण्याची चेटकीण दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिली.' खाली अर्धं पान कोरं.

ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आणि मला वाटलं, हे अपुरं आहे. अहो, एवढी पडली पोरगी, ती मैत्रीण नुसती बसून काय राहते? आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू लंगडलं तरी माझी आई मीठ-मिरच्या घेऊन उठते. दृष्ट नको काढायला? चेटकीण असून एवढं सुचू नये?

गेटवर एक गाडी चलनाशिवाय आली होती. ऑफिसातून मेल येईपर्यंत मला काम नव्हतं. वही होती, पेन होतं, अर्धं पान कोरं होतं. मुलीचं अक्षर माझ्यावर गेलंय. पाटीवर मीच गिरवून घेतलं तिच्याकडून. बाकी काही माझ्यावर गेलं नाही, असं तिची आई देवाला रोज सांगत असते. मी लिहिलं:

'मग पाण्याच्या चेटकिणीने लाल मिरच्या सात नग, मीठ एक मूठ आणि मोहरी घेऊन तिची दृष्ट काढली. आल्यागेल्याची, वाटेवरची, उंबऱ्यावरची, सगळ्यांची नावं घेतली. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. ठसका उठला नाही. पाण्याच्या चेटकिणीने मान खाली घातली. "परक्याची दृष्ट मिरचीला कळते," ती म्हणाली. "ही जवळच्याची आहे."'

हे शेवटचं माझ्या आईचं मत. मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, आणि जबर दृष्ट जवळच्या माणसाचीच. लहानपणापासून ऐकलेलं. मी फक्त योग्य जागी बसवलं. सात ओळी झाल्या. वाचून बघितल्या आणि छाती अशी फुगली की शर्टाचं बटण बोललं. चलनाची वाट बघणारा ड्रायव्हर टेबलाशी येऊन उभा होता. "साहब, इतना क्या लिख रहे हो? मेरी कम्प्लेंट तो नहीं?" मी म्हटलं, "तुम्हारी नहीं." ते मात्र खरं होतं.

संध्याकाळी सुटलो आणि वही बंगल्यावर दिली. दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीच्या आईचा फोन. एवढ्या लवकर कधी आला नव्हता. मला वाटलं, माझ्या ओळी वाचून पोरीला राहवलं नसेल, भराभर पुढचं प्रकरण लिहिलं असेल. लेखकाला काय, अशाच वेळी भास होतात. वही घेतली, कोपऱ्यावर स्कूटर लावली, उघडली.

प्रकरण चार वाक्यांचं होतं.

'पाण्याच्या चेटकिणीने आपली टोपी उंबऱ्यावर ठेवली. जिची नजर लागते तिने लांब राहावं. ती समुद्रात शिरली आणि खारट झाली. समाप्त.'

मी ते तीनदा वाचलं. काय झालं ते मला कळेना, पण जे काही झालं ते माझ्या सात ओळींनंतर लगेच झालं, एवढं इनवर्डच्या माणसाला कळतं. आता वही घरी गेली, मुलीने मागचं पान उलटलं, तर माझ्या ओळी तिच्या नजरेला पडणार. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं? मी डबा उघडला. वरणभात होता. भाताची शितं घेतली आणि माझ्या ओळींचं पान शेजारच्या पानाला चिकटवून टाकलं. पन्नाशीला आलेला माणूस, चार लोक ज्याला सुपरवायझरसाहेब म्हणतात, तो बंगल्याच्या कोपऱ्यावर स्कूटरच्या सीटवर वही ठेवून शितं चोळतोय. एक म्हैस बघत होती. तिनेही मान फिरवली.

घरी मुलीने वही उघडली. "वहीला वरणाचा वास का येतोय?"

"डब्याच्या पिशवीत होती ना."

ती शेवटच्या प्रकरणावर आली. वाचलं, वही मिटली, फळीवर टाकली. जेवायला आली नाही. दुसऱ्या दिवशी लंगडत कॉलेजला जाऊन आली तीही गप्प. फोन वाजला नाही. आमच्या घरात त्या दोघींचा फोन वाजला नाही असा हा पहिला दिवस. आईने, म्हणजे माझ्या आईने, विचारलं तर म्हणाली, "मैत्री संपली आमची. तिला नवीन कॉलेजात नवीन भेटल्या असतील. नजरबिजर सगळे बहाणे. सरळ सांगायचं ना."

"अगं, फोन करून विचार तिला," बायको म्हणाली.

"नियम आहे. वहीतलं वहीत. आणि वहीत तिने समाप्त लिहिलंय." डोळे पुसले आणि खोलीत गेली.

मी पेपर वाचत होतो. उलटा होता की सुलटा ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई मीठ-मिरच्या घेऊन उठली. "पोर जेवत न्हाय, बोलत न्हाय. लागलीय तिला कुनाची तरी." मुलगी म्हणाली, "आजी, मी चेटकिणींवर कादंबरी लिहिते. माझी दृष्ट काय काढतेस?" आई म्हणाली, "लिव्ह तू कायपन. गप बस आता, मधी बोलायचं न्हाय." तीनदा उतरवलं, पुटपुटली, आणि सगळं गॅसवरच्या जुन्या तव्यावर टाकलं.

मोहरी तडतडली. आम्ही सगळे नाकं धरून उभे. काही नाही. मिरच्या काळ्या झाल्या, धूर झाला, पण ठसका म्हणून कुणाला लागला नाही.

आई तव्याकडे बघत राहिली. मग वळून एकेकाकडे बघितलं. "परक्याची न्हाय ही," ती म्हणाली. "जवळच्याची हाय. घरातल्याची."

मला खोकला आला. ठसका नसताना खोकणारा मी एकटाच. बायकोने माझ्याकडे जे बघितलं त्याला ती बावीस वर्षांची सवय म्हणते.

"त्या नुसत्या रंगासाठीच्या मिरच्या आहेत," ती आईला म्हणाली. "मसाल्यासाठी आणलेल्या. त्यांना ठसका नसतोच." आणि मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर या."

ओट्यावर उभं करून तिने मला दोनच मिनिटांत सोललं. रांजनोली नाका, हात धुणं, सात ओळी, शितं, म्हैस, सगळं सांगून मोकळा झालो. मला वाटलं होतं, ती हसेल. ती मटकन खाली बसली.

"अहो, त्या स्पर्धेत तीपण होती."

"कोण?"

"कोण म्हणजे? मैत्रीण! दोघींनी कथा पाठवली होती. हिला पहिलं मिळालं, तिला काहीच नाही. पाय मुरगळला तेव्हा भेटायला आली, पेढे घेऊन आली. हसत हसत म्हणाली, माझीच नजर लागली वाटतं गं तुला. मी तिथेच चहा गाळत होते. हसली, पण हसू काही खरं नव्हतं. आणि त्याच्यावर तुम्ही हिच्या अक्षरात लिहून पाठवलंत, की हो, तुझीच लागली."

मीही तिच्याशेजारी खाली बसलो. घरातल्या गोष्टीवाल्याला घरातलीच गोष्ट माहीत नव्हती.

"मग आता तू सांगतेस का तिला?" मी विचारलं.

"मी? मी काय चेटकीण आहे? ज्याने लिहिलं त्याने निस्तरावं."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माल खराब पोचला की पाठवणारा आणि घेणारा दोघांनाही समोर उभं करून खोका उघडायचा. एकट्या पार्टीसमोर उघडला की दुसरी म्हणते, तुम्ही संगनमत केलं. रविवारी मी मुलीला म्हटलं, चल, वळला जायचंय. ती म्हणाली, मी मरेन पण येणार नाही. मी म्हटलं, तुझ्या नावाचा माल खराब झालाय, तू समोर पाहिजेस. कसल्या मालाबद्दल बोलतोय हे तिला कळलं नाही, पण माझा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता, त्याने ती घाबरली असावी. आली. लंगडत, तोंड फुगवून.

बंगल्यावर मैत्रिणीच्या आईने दार उघडलं. "बरं झालं आलीस गं बाय. ही चार दिस झालं खोलीभायेर यायला तयार न्हाय. मला वाटलं, कॉलेजात कोन कायतरी बोललं." मैत्रीण आली. डोळे सुजलेले. दोघी समोरासमोर बसल्या आणि एकीने पंख्याकडे बघितलं, दुसरीने फरशीकडे.

मी वही टेबलावर ठेवली. समोर आलेल्या पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून चिकटवलेली पानं सोडवली. एका कोपऱ्यात थोडी फाटली. "हे मी लिहिलं," मी म्हणालो. "या सात ओळी. तिने नाही. मी वही चोरून वाचत होतो. मला वाटलं, दृष्ट काढायला पाहिजे. तुमच्यातलं मला काही माहीत नव्हतं."

माझ्या मुलीने ओळी पहिल्यांदाच वाचल्या. तिचा चेहरा बघून मला घाम फुटला. पण खरा फटका मैत्रिणीने दिला. ती शांतपणे म्हणाली, "काका, राहू द्या. तुम्ही तिला वाचवायला बोलताय. मला तिचं अक्षर कळत नाही का?"

"अगं, माझंच अक्षर आहे ते! तिला मीच शिकवलंय!"

"सगळे बाबा असंच म्हणतात."

माणूस आयुष्यात एकदाच धडधडीत खरं बोलतो आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मुलगी उसळली, "मी नाही लिहिलं! आईशप्पथ! माझं प्रकरण उशाशी बसून राहिली, तिथे संपलं होतं!" मैत्रीण म्हणाली, "मग शितं कोणी लावली?" मी हात वर केला. तरी तिचा विश्वास बसेना.

शेवटी मैत्रिणीच्या आईने तोडगा काढला. "दादांनीच लिवलं असंल तर म्होरलं लिवून दावतील. द्या त्यांना कागद." मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. दोन्ही बाजूंना दोन चेटकिणी उभ्या राहिल्या. पुढच्या सात ओळी लिहायच्या होत्या. पाण्याची चेटकीण समुद्रातून परत येते, एवढाच विषय.

गोदामात झरझर सुचलं होतं. इथे पेन हलेना. दहावीची परीक्षा आठवली. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि हात नेईल तिकडे जाऊ दिलं. कागद पुढे सरकवला. मैत्रिणीने मोठ्याने वाचला:

'सदर चेटकीण सकाळी सव्वाआठ वाजता समुद्रातून निघाली. सोबत शिंपले बारा नग, मोती एक नग. वाटेत पाऊस नसल्याने उशीर झाला नाही. उंबऱ्यावर पोचली तेव्हा चेटकीण सुस्थितीत होती. टोपी तपासून ताब्यात घेतली. कमतरता आढळली नाही.'

ती थांबली. वहीतलं पान ओढलं. माझ्या जुन्या सात ओळींवर बोट फिरवलं. "मिरच्या सात नग," ती पुटपुटली. मग माझ्या मुलीकडे बघितलं. "तू जन्मात 'नग' लिहिणार नाहीस."

"नाहीच!" मुलगी ओरडली. "मी कुठे गोदामात आहे!"

आणि मैत्रीण हसायला लागली. पोट धरून, टेबलावर कपाळ टेकून. "सुस्थितीत होती... चेटकीण सुस्थितीत..." मुलगीही हसली. मी पण हसलो, तेव्हा दोघी एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही हसू नका." मी थांबलो.

हसता हसता मैत्रीण कधी रडायला लागली ते मला कळलं नाही. "पण ते खरंच होतं गं," ती म्हणाली. "म्हणून तर लागलं मला. तुझं नाव पुकारलं ना, तेव्हा एक मिनिट मला तू अजिबात आवडली नव्हतीस. एकच मिनिट. दुसऱ्या दिवशी तू पडलीस. मला वाटलं, तुला कळलं."

मुलगी खाली वाकून बसली होती. पायाच्या क्रेप बँडेजची गाठ सोडत, बांधत.

"कळलं होतं," ती म्हणाली. "पेढा देताना तू माझ्याकडे बघितलं नव्हतंस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुला मिळालं असतं तर मीपण नसतं बघितलं. आणि मी तर पेढापण आणला नसता."

मैत्रिणीची आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, उठा. मी उठलो. हे ऐकायला मी तिथे असायला नको होतो. पण तसं म्हटलं तर त्या वहीत मी कुठेच असायला नको होतो.

बाहेरच्या पडवीत आम्ही दोघं बसलो. आत दार लागलं. जरा वेळ कुजबुज, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग वादावादी. ओळी ठेवायच्या की फाडायच्या यावरून चाललं होतं. माझी मुलगी म्हणत होती फाड, मैत्रीण म्हणत होती, "नको, राहू दे, इथेच तर खरी मजा आहे, फक्त तो नग काढ." मला थोडं बरं वाटलं, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. आतापर्यंत त्या आळीपाळीने, दोन गावांत बसून लिहीत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा एका टेबलाशी एकत्र बसल्या. दीड तास. मधे एकदा एवढ्या जोरात हसल्या की मैत्रिणीच्या आईने विचारलं, "काय चाललंय वो आत?"

"मला विचारू नका," मी म्हटलं. "मला वाचायला बंदी आहे."

बंदी खरीच आहे, आणि पक्की. वही आता माझ्या पिशवीतून जात नाही. दर रविवारी मुलगी स्वतः बसने वळला जाते किंवा मैत्रीण कोनला येते. आमच्या पुढच्या खोलीत दोघी बसतात, मी पाणी द्यायला गेलो तरी वहीवर उशी ठेवतात. आईच्या मते आता दृष्ट पार उतरली. बायकोने तिखट मिरच्या आणून ठेवल्या आहेत, पण त्या माझ्यासाठी आहेत, असं म्हणते.

पाण्याची चेटकीण समुद्रातून कशी परत आली, खारट पाण्याचं गोडं कसं झालं, राणीचं काय झालं, यातलं मला काही माहीत नाही. परवा राहवलं नाही. दोघी लिहीत होत्या, मी दारात उभा राहून विचारलं, "निदान एवढं तरी सांगा, सावल्या सुटल्या का?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"पुस्तक छापलं की सगळ्यांसारखं विकत घ्या," मैत्रीण म्हणाली.

"आणि पप्पा, दार लावून घ्या."

मी लावून घेतलं.